घरचा कॉम्प्युटर आणि ईमेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं नातेवाईक, शेजारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक मला कॉम्प्युटरच्या अडचणी विचारत आले आहेत. बहुतेकांच्या बोलण्याची सुरुवात एकच असते : ‘मलाच जमत नाही बहुतेक.’ हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण दहातल्या आठ वेळा माणसाचं काही चुकलेलं नसतं. एखादी सेटिंग कंपनीने ठेवली तशीच राहिलेली असते आणि ती बदलता येते हे कुणी सांगितलेलंच नसतं. कॉम्प्युटर आपल्या डोळ्यांना, हाताला आणि सवयींना बसेल असा करून घ्यायला एक दुपार पुरते. ती दुपार कशी घालवायची, ते इथे प्रश्नोत्तरांतून मांडलं आहे. उत्तरं मुख्यतः विंडोजसाठी आहेत. मॅकवर ‘कंट्रोल’च्या जागी बहुतेक वेळा ‘कमांड’ दाबायचं.

अक्षरं फार बारीक दिसतात, वाचताना पुढे वाकावं लागतं. काय करू?

आधी हे बघा की बारीक काय दिसतंय : सगळंच, की फक्त एखादी वेबसाइट? सगळंच बारीक असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि तिथे ‘स्केल’ 125 किंवा 150 टक्के करा. अक्षरं, चिन्हं, खिडक्या सगळं त्या प्रमाणात मोठं होतं. फक्त अक्षरंच मोठी हवी असतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘टेक्स्ट साइझ’ची वेगळी पट्टी आहे.

एक चूक मात्र फार जण करतात. अक्षरं मोठी व्हावीत म्हणून ‘रिझोल्यूशन’, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या, कमी करतात. त्याने अक्षरं मोठी होतात, पण कडा धूसर होतात आणि डोळ्यांना आणखी ताण पडतो. रिझोल्यूशन शिफारस केलेलंच ठेवा, स्केल वाढवा.

एखादीच वेबसाइट किंवा मेल बारीक दिसत असेल तर ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम किंवा एजसारख्या इंटरनेट बघायच्या प्रोग्रॅममध्ये, कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबा. पुन्हा मूळ आकार हवा असेल तर कंट्रोल आणि शून्य. कोणत्या साइटला किती मोठं केलं होतं हे ब्राउझर लक्षात ठेवतो, त्यामुळे रोज करावं लागत नाही. ‘अचानक सगळं प्रचंड मोठं झालं’ ही तक्रारही मला नेहमी येते. बहुतेकदा कंट्रोलवर बोट असताना माउसचं चाक फिरलेलं असतं. उपाय तोच : कंट्रोल आणि शून्य.

माउसचा बाण सतत हरवतो.

अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘माउस पॉइंटर’ उघडा, बाण दुप्पट मोठा करा आणि पांढऱ्याऐवजी एखादा ठळक रंग द्या. माउसच्या जास्तीच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटेल अशीही सोय आहे. डबल क्लिक जमत नसेल तर एकदाच क्लिक करून एंटर दाबा, काम तेच होतं.

तासभर बसलं की मान आणि पाठ भरून येते. खुर्ची बदलावी का?

खुर्चीच्या आधी स्क्रीनची उंची बघा. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हातभर, म्हणजे 50 ते 75 सेंटिमीटर. टाइप करताना खांदे सैल, कोपर अंगाजवळ आणि जवळपास काटकोनात, मनगट सरळ. पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली एखादं खोकं किंवा जाड पुस्तकं ठेवा.

लॅपटॉपची अडचण मुळातच आहे : स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. कीबोर्ड हाताला बरोबर आला की स्क्रीन खाली जाते, आणि स्क्रीन वर घेतली की हात वर उचलून टाइप करावं लागतं. रोज तासाभरापेक्षा जास्त बसणार असाल तर लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवा आणि वेगळा कीबोर्ड-माउस जोडा. माझ्या पाहण्यात यापेक्षा जास्त फरक पाडणारा दुसरा उपाय नाही.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी वरचा नियम जरा मोडावा. चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायचं म्हणून ते हनुवटी वर उचलतात आणि दिवसभर मान मागे झुकलेली राहते. त्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी आणि थोडी मागे कलती ठेवावी.

आणि कितीही चांगली बैठक असली तरी अर्ध्या तासाने उठा. पाणी प्यायला उठलात तरी पुरे.

डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्यावा का?

घाई करू नका. कॉक्रेन या संस्थेने 2023 मध्ये अशा चष्म्यांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळात तरी. चुरचुरण्याचं खरं कारण बहुधा पापण्यांशी असतं. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे एकटक बघताना ते प्रमाण निम्म्याच्याही खाली येऊ शकतं आणि डोळ्यांवरचा ओलावा उडून जातो.

नेत्रतज्ज्ञ सांगतात तो 20-20-20 चा नियम सोपा आहे : दर 20 मिनिटांनी, 20 फूट लांबच्या वस्तूकडे, 20 सेकंद बघायचं. त्या वेळी मुद्दाम चारपाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीमागे नको, बाजूला असावी. स्क्रीनचा उजेड खोलीतल्या उजेडाइतकाच ठेवा. अंधारात बसून झगझगीत स्क्रीन बघणं सर्वांत वाईट. एवढं करूनही त्रास राहिला तर डॉक्टरांकडे जा. नंबर बदललेला असणं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

कीबोर्डचे शॉर्टकट किती पाठ करावेत?

पाच-सहा. लांबलचक तक्ता छापून भिंतीवर लावला तर तो कुणी वाचत नाही.

पहिला कंट्रोल-झेड. आत्ता जे केलं ते मागे घेतो. चुकून परिच्छेद पुसला, फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये टाकली, मेलमधला मजकूर गायब झाला, की आधी हात उचला आणि मग कंट्रोल-झेड दाबा. हा एक माहीत असला की कॉम्प्युटरची भीती निम्मी जाते. खरं तर मी नवशिक्यांना कॉपी-पेस्टच्याही आधी हाच शिकवतो.

दुसरा विंडोज-व्ही, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि व्ही. कॉपी केलेल्या शेवटच्या गोष्टीबरोबर त्याआधीच्याही बऱ्याच गोष्टी यादीत दिसतात. पहिल्यांदा दाबाल तेव्हा ही सोय चालू करायची का असं विचारेल, हो म्हणा. चारपाच ठिकाणांहून मजकूर गोळा करताना याचा फार उपयोग होतो.

मग कंट्रोल-एफ, पानात किंवा मेलमध्ये शब्द शोधायला. आल्ट-टॅब, एका खिडकीतून दुसरीत जायला. ब्राउझरचा टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. आणि विंडोज-शिफ्ट-एस, स्क्रीनच्या हव्या तेवढ्या भागाचा फोटो घ्यायला. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून पाठवण्यापेक्षा हा कितीतरी स्पष्ट येतो.

दुसरीकडून चिकटवलेला मजकूर वेगळ्याच रंगात, वेगळ्याच आकारात येत असेल तर ब्राउझरमध्ये आणि बऱ्याच मेल प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही चालतं. नुसता मजकूर येतो, सजावट येत नाही.

मराठीत सोपं टाइप कसं करायचं?

वेगळा प्रोग्रॅम विकत घ्यायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. मग विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. विंडोज 10 च्या 2019 मधल्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही मिळतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप केलं की मराठी शब्द सुचवले जातात. अधूनमधून लिहिणाऱ्याला तेवढं पुरतं.

पण रोज पानभर लिहिणार असाल तर माझा आग्रह इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीचा, आहे. त्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, अशी आपल्या वर्णमालेच्या तर्काने मांडणी आहे. एका बटणावर अल्पप्राण अक्षर आणि शिफ्ट धरून त्याच बटणावर महाप्राण : क आणि ख, ग आणि घ, त आणि थ. पाय मोडण्याचं चिन्ह डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतं. पहिले आठ-दहा दिवस कंटाळवाणे जातात हे खरं आहे. नंतर मात्र शब्द मनात येतो आणि बोटं तोच लिहितात, इंग्रजी स्पेलिंगचा वळसा मध्ये येत नाही. ऱ्हस्व-दीर्घही आपण ठरवतो तसंच उमटतं.

टाइप करायचा कंटाळा असेल तर विंडोज-एच दाबून बोलून लिहायची सोय बघा. मोबाइलवर गूगलचा जीबोर्ड मराठी बोललेलं चांगलं लिहून घेतो. तिथे लिहून स्वतःलाच मेल करा आणि कॉम्प्युटरवर उघडा.

जुन्या फाइलमधलं मराठी उघडल्यावर विचित्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली का?

नाही. ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या काळातली आहे. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्याच जागी देवनागरीचा आकार बसवलेला असायचा. तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली होती तो कॉम्प्युटरवर बसवला की मजकूर दिसतो, आणि त्या त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत. बदललेला मजकूर एकदा नजरेखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. आजोबांच्या आठवणी, जुनी वंशावळ असं काही त्या फाइलींत असेल तर हे काम पुढे ढकलू नका. ते फॉन्ट मिळणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार आहे.

फाइल सेव्ह केली होती, आता सापडत नाही.

आधी ‘डाउनलोड्स’ फोल्डर बघा, इंटरनेटवरून घेतलेलं जवळपास सगळं तिथेच पडतं. मग ज्या प्रोग्रॅममध्ये काम केलं तो उघडून ‘रीसेंट’ची यादी बघा. फाइल एक्स्प्लोरर विंडोज-ई दाबून उघडतो. त्यात तारखेच्या क्रमाने लावलं तरी बहुधा सापडते.

यातला एक प्रकार मी स्वतः भोगला आहे. मेलमध्ये आलेली वर्डची फाइल मी तिथूनच उघडली, दोन तास त्यात दुरुस्त्या केल्या, सेव्हही केल्या आणि बंद केली. मेलमधली फाइल पुन्हा उघडली तर ती जशीच्या तशी. मेलमधून थेट उघडलेली फाइल एका तात्पुरत्या, नजरेआड असलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि आपलं काम तिथेच राहतं. तेव्हापासून नियम केला : अटॅचमेंट आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवायची, मगच उघडायची.

नावं देताना तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा : ‘2025-03-14 वीजबिल’. असं केलं की नावाच्या क्रमाने लावलेल्या फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं सहा महिन्यांनी काहीच सांगत नाहीत.

कॉम्प्युटर फार हळू झाला आहे. नवीन घ्यावा का?

आधी ‘रीस्टार्ट’ करा. तुम्ही म्हणाल, रोज रात्री शट डाउन करतोच की. पण विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच पुन्हा उचलतं. त्यामुळे काही अडकलेलं असेल तर तेही तसंच परत येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा ते करत जा.

मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप’मध्ये बघा. कॉम्प्युटर सुरू होताच आपसूक चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी तिथे असते. रोज न लागणारे बंद करा. तिथे बंद केल्याने प्रोग्रॅम काढला जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. ब्राउझरमध्ये न वापरलेले एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम, काढून टाका. डिस्क काठोकाठ भरली असेल तर थोडी मोकळी करा.

एवढ्याने भागलं नाही आणि मशीनमध्ये जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या. सात-आठ वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरला यामुळे पुन्हा धावताना मी अनेकदा पाहिलं आहे. ‘वेग वाढवतो’ म्हणून जाहिरात करणारे क्लीनर प्रोग्रॅम मात्र बसवू नका.

विंडोज 10 अजून वापरलं तर चालेल का?

कॉम्प्युटर चालतो, पण मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला आहे. म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. मशीनला विंडोज 11 पेलत असेल तर ते घ्या. पेलत नसेल तर वाढीव सुरक्षा अपडेटची योजना काही काळापुरती आहे, ती सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तपासा. विंडोजऐवजी वापरता येणारी लिनक्स ही मोफत प्रणालीही जुन्या मशीनवर छान चालते. बँकेचे व्यवहार आणि मुख्य ईमेल मात्र दुरुस्त्या बंद झालेल्या मशीनवर करू नका.

इनबॉक्समध्ये हजारो न वाचलेले मेल आहेत. सुरुवात कुठून करू?

जुने वाचत बसू नका. गेल्या महिनाभराचे सोडून बाकी सगळे निवडा आणि ‘अर्काइव्ह’ करा. अर्काइव्ह म्हणजे पुसणं नव्हे. मेल इनबॉक्समधून बाजूला होतो, पण शोधला की सापडतो. फार जणांना हा फरक कुणी सांगितलेला नसतो, म्हणून ते एक तर सगळं साठवतात किंवा भीतभीत एकेक पुसतात.

मग नळ बंद करा. जाहिरातींचे मेल ज्या ज्या ठिकाणाहून येतात तिथलं ‘अनसबस्क्राइब’ वापरा. 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने जाहिरातींचे मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढता येईल अशी सोय देणं सक्तीचं केलं आहे, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ते बटण बहुधा दिसतं. एक खबरदारी : ज्या दुकानाला किंवा सेवेला तुम्ही ओळखता तिथेच हे करा. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या अनसबस्क्राइबवर क्लिक केलं तर पत्ता जिवंत आहे एवढंच समोरच्याला कळतं. त्याला सरळ ‘स्पॅम’ म्हणून कळवा.

राहिलेल्यांपैकी बिलं, बँकेची विवरणं, शाळेच्या सूचना यांच्यासाठी फिल्टर करून त्यांना आपापली लेबलं आपोआप लागतील असं करा. आणि मेल आला की टुण्ण वाजणारी सूचना बंद करा. दिवसातून दोन-तीनदा आपणहून बघितलं तर काहीही अडत नाही. ज्याला खरोखर घाई आहे तो फोन करतो.

‘जागा भरली’ असा संदेश येतो आणि मेल येणं थांबतं.

जीमेलची मोफत 15 जीबी जागा गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो यांच्यासह मिळून असते, म्हणून नुसते मेल पुसून फारसा फरक पडत नाही. जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला पर्यायांचं चिन्ह आहे. तिथे आकार 10 एमबीपेक्षा मोठा असं निवडून शोधा. पन्नास मोठे मेल काढल्याने जी जागा मिळते ती हजारो लहान मेल काढूनही मिळत नाही. पुसलेले मेल 30 दिवस कचरापेटीत राहतात आणि तोवर जागा अडवतात, म्हणून पेटीही रिकामी करा.

चुकून पाठवलेला मेल परत घेता येतो का?

एकदा समोरच्याच्या सर्व्हरवर, म्हणजे त्याचे मेल सांभाळणाऱ्या कंपनीच्या मशीनवर, पोचला की नाही. पण जीमेलमध्ये पाठवल्यावर काही सेकंद ‘अनडू’ दिसतं. ते मुळात 5 सेकंदांचं असतं, सेटिंग्जमध्ये जाऊन 30 करा. रागाच्या भरात लिहिलेल्या आणि अटॅचमेंट विसरलेल्या मेलांपासून या 30 सेकंदांनी मला किती वेळा वाचवलं आहे! दुसरी सवय : पत्ता सगळ्यात शेवटी लिहा. मजकूर, अटॅचमेंट, पुन्हा वाचन, आणि मग पत्ता. पत्ताच नसेल तर अर्धवट मेल जाणारच नाही.

सीसी आणि बीसीसीमध्ये फरक काय?

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टंकलेखन यंत्रातल्या कार्बन कागदावरून आलेलं नाव. माहितीसाठी प्रत, आणि ती कुणाकुणाला गेली हे सगळ्यांना दिसतं. बीसीसीतले पत्ते इतर कुणाला दिसत नाहीत. एकमेकांना न ओळखणाऱ्या चाळीस जणांना निमंत्रण पाठवताना बीसीसीच वापरा. लोकांचे पत्ते त्यांना न विचारता वाटून टाकू नयेत. आणि उत्तर देताना ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी वरची नावं वाचा.

फोटो जोडले की मेल जात नाही. फाइल तर मर्यादेपेक्षा लहान आहे!

ईमेल ही मुळात साध्या मजकुराची व्यवस्था. फोटो किंवा पीडीएफ पाठवताना ते मजकुराच्या रूपात बदलावे लागतात आणि त्यात आकार साधारण एक-तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे 20 एमबीची फाइल वाटेत 27 एमबीच्या आसपास होते आणि 25 एमबीची मर्यादा असलेला सर्व्हर ती परत पाठवतो. 15 एमबीच्या पुढे गेलात की ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा, आणि लिंक कुणाला उघडता येईल ती परवानगी तपासा.

फसवा मेल ओळखायचा कसा?

‘भाषा चुकीची असते’ ही खूण आता विसरा, फसवे मेलही नीट लिहिलेले असतात. त्याऐवजी मेल तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतोय ते बघा. घाई आणि भीती (‘आज खातं बंद होईल’), किंवा अनपेक्षित लाभ, आणि त्यासोबत एक लिंक, फाइल किंवा कोड मागणं, हे दोन्ही एकत्र आले की थांबा.

मग पत्ता वाचा. रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये ईमेलसाठी अ‍ॅटचं चिन्ह निवडलं तेव्हापासून रचना तीच आहे : चिन्हाच्या डावीकडे व्यक्ती, उजवीकडे ठिकाण. डावीकडे आणि दिसणाऱ्या नावात काहीही लिहिता येतं, म्हणून उजवीकडचं बघायचं. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता नकलीही घालता येतो. तो बरोबर दिसला म्हणजे मेल खरा, असं धरू नका.

लिंकवर क्लिक न करता नुसता बाण ठेवा, खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. तो पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्या आणि उजवीकडून वाचा. ‘तुमची-बँक डॉट खाते-तपासणी डॉट कॉम’ असा पत्ता असेल तर मालक आहे ‘खाते-तपासणी डॉट कॉम’, तुमची बँक नव्हे. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. वाटेत कुणी वाचत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलं आहे ते सांगत नाही.

फाइलींच्या बाबतीत एक सेटिंग आजच बदला. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ हा प्रोग्रॅम नुसता ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसतो. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा.

शंका असली तर मेलमधल्या लिंकवरून किंवा नंबरवरून खात्री करू नका. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा, किंवा कार्डाच्या मागचा नंबर लावा.

स्क्रीनभर लाल इशारा आला, ‘व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.’ काय करावं?

फोन करू नका. ते एक वेबपान आहे, बाकी काही नाही. खरा इशारा कधीच फोन नंबर देत नाही. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, मग आल्ट-एफ4. नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का?’ याला नको म्हणा. फोन केलाच असेल आणि कुणाला कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला आणि बँकेला लगेच कळवा. लाजून गप्प बसू नका. शिकलेसवरलेले, सावध लोकही यात सापडले आहेत आणि पहिले काही तास मोलाचे असतात.

इतके पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे?

ठेवायचेच नाहीत. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड हवा, कारण एका साइटवरून तो फुटला की चोर तोच इतर शंभर ठिकाणी लावून बघतात. आणि इतके वेगळे पासवर्ड माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरा : बिटवॉर्डन, कीपास, किंवा ब्राउझरमधला. त्याचा एक कमी बोलला जाणारा फायदा असा की तो पासवर्ड फक्त खऱ्या पत्त्यावरच भरतो. बँकेसारखं दिसणारं पान समोर आहे आणि मॅनेजर पासवर्ड देऊ करत नाही, तर हात मागे घ्या.

जो एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा तो लांब करा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, एखादं वाक्य नव्हे. दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शिकेतच ठरावीक मुदतीची सक्ती करू नये असं म्हटलं, कारण सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदला.

सगळ्यात आधी सांभाळायचं ते ईमेलचं खातं. बाकी प्रत्येक ठिकाणचा ‘पासवर्ड विसरलो’ हा दुवा तिथेच येतो, म्हणजे ती घरभरच्या किल्ल्यांची पेटी आहे. तिला दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, आजच लावा, आणि मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. वयस्कर माणसांनी सगळेच पासवर्ड वहीत लिहून घरात कुलपात ठेवले तरी माझी हरकत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

फोटो क्लाउडवर आहेत. मग वेगळा बॅकअप कशाला?

क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची कंपनीची साठवण, बहुतेकदा ‘सिंक’ करतो, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला 3-2-1 हा हिशेब घरालाही लागू पडतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत घराबाहेर. घरात एक बाहेरची हार्ड डिस्क, महिन्यातून एक दिवस ठरवून तिच्यावर प्रत, आणि काम झालं की तारेसकट काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर कॉम्प्युटरवर जे संकट येईल ते तिच्यावरही येतं. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतली दोन-चार फाइल उघडून बघा.

लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला चालतो का?

चालतो, पण शंभर टक्के भरलेली आणि गरम राहणारी लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, ती लावा. गादीवर ठेवून वापरू नका, हवेची भोकं बुजतात.

कीबोर्डवर पाणी सांडलं तर?

लॅपटॉप असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करा, चार्जर काढा, उघडा ठेवून पालथा करा म्हणजे पाणी आत न झिरपता बाहेर गळेल. सुरू होतो का ते बघायचा मोह आवरा, नुकसान त्यातच होतं. हेअर ड्रायर नको. पाण्याऐवजी चहा किंवा सरबत असेल तर वाळल्यावरही साखर आत राहते, आतून साफ करून घ्यावा लागतो.

आईवडील दूर राहतात, फोनवरून मदत करताना दोघांचीही चिडचिड होते.

विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ आहे. तुम्ही कोड सांगायचा, त्यांनी तो टाकायचा, आणि त्यांची स्क्रीन तुम्हाला दिसते. ही सोय फक्त ओळखीच्या माणसाबरोबर वापरायची, आणि फोन आपण केलेला असेल तरच, हे त्यांना पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा.

फोनवर असाल तर ‘काय करताय?’ असं विचारू नका, ‘स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा’ म्हणा. निम्म्या वेळा वाचतावाचताच त्यांना उत्तर सापडतं. भेटायला जाल तेव्हा माउस स्वतःच्या हातात घेऊ नका, तो त्यांच्याच हातात राहू द्या, कितीही वेळ लागो. जे शिकवाल ते त्यांनाच त्यांच्या शब्दांत वहीत लिहू द्या. माझ्या एका मावशीच्या वहीत ‘अटॅचमेंट’ असा शब्दच नाही. तिने लिहिलं आहे, ‘टाचणीचं चित्र दाबायचं, मग फोटो निवडायचा.’ त्या वहीवरून ती गेली कित्येक वर्षं कुणालाही न विचारता नातवंडांना फोटो पाठवते आहे.